महालातल्या खांबाजवळची बाई

दादा, ती फोटोची काच सापडली. तुझ्या लष्करातल्या ट्रंकेत, अगदी तळाशी, लोकरीच्या मोज्यात घालून ठेवलेली. हे आधी सांगून टाकते, कारण तुला लांबण आवडत नाही आणि मला ते लावल्याशिवाय राहवत नाही. एरवी मी बोलायला लागले की तू 'जरा उजेड बघून येतो' म्हणून बाहेर सटकायचास. आता ऐकावंच लागेल.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलं होतं. मोरिवलीतली आपली भावकी, बदलापूरची आत्या, निर्वासितांच्या कॅम्पातली तुझ्या ओळखीची सिंधी मंडळी, सगळी येऊन गेली. सगळ्यांचं म्हणणं एकच, की तू फार शांत, कुणाशी कधी वाकडं नाही. मी मान हलवत होते. त्यांना काय ठाऊक, तू माझ्याशी सात वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत होतास आणि तेही तोंडातून शब्द न काढता. बोलून भांडणाऱ्याला निदान उत्तर तरी देता येतं. जाताना चुलत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की कॅमेरा आणि स्टँड विकून टाक, बाईमाणसाला त्याचा काय उपयोग. मी त्यालाही नुसती मान हलवली. तुझी सवय लागली असणार.

आपण दोघं एकाच वर्षी मोरिवलीला परत आलो, मी सासरहून आणि तू लढाईवरून. माझा नवरा दोन वर्षांचा संसार करून तापाने गेला होता. मी पुन्हा लग्न करीना आणि तू पहिलंही करीनास, त्यामुळे गावाला बोलायला विषय झाला होता. पोरंटोरं तुझ्याभोवती जमायची, बंदुका आणि रणगाड्यांच्या गोष्टी ऐकायला, आणि तू त्यांना छतांच्या गोष्टी सांगायचास. चार दिवसांत पोरं यायची बंद झाली. राहिले मी. मला दुसरं कामही नव्हतं.

तू इटलीत बंदूक कमी आणि कॅमेऱ्याच्या पेट्या जास्त उचलल्यास. नेपल्सच्या आसपासचे जुने राजवाडे आतून कसे होते याची नोंद ठेवायचं काम पलटणीतल्या एका साहेबाकडे होतं आणि त्याला हाताखाली असा माणूस हवा होता, जो तासभर न हलता गप्प उभा राहील. आपल्या घराण्यात असा एकच निघाला, तो नेमका त्याला सापडला. मी विचारायचे, महाल म्हणजे असतो तरी कसा? तू सांगायचास, आपल्या अंबरनाथच्या देवळाच्या भिंती बाहेरून जशा भरल्यात ना, तळहाताएवढी जागा मोकळी नाही, तसा तो आतून भरलेला. छतावर रंगवलेले ढग, ढगांवर देव, देवांच्या मांडीवर गुबगुबीत पोरं. खांबांना सोन्याची पानं. आरशासमोर आरसा, म्हणजे एक समई लावली तर शंभर दिसाव्यात. साहेबाने तुला त्या थाटाचं नाव शिकवलं होतं, बरोक. मूळ अर्थ म्हणे वेडावाकडा मोती. मी म्हटलं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तू इतका हसलास की तुला ठसका लागला आणि पुढे कितीतरी दिवस कुणी भारी नटून आलं की आपण दोघं एकमेकांकडे बघायचो.

फोटो काढायची तुमची रीत तू मला त्या वेळी इतक्यांदा सांगितलीस की मी न बघताच शिकले. बॉम्बच्या भीतीने खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आत उजेड जेमतेम. मग पांढऱ्या चादरी धरून उजेड आत ढकलायचा, आरशात कॅमेरा दिसणार नाही अशी जागा शोधायची, भिंगाची टोपी काढायची आणि चार-पाच मिनिटं तसंच थांबायचं. घड्याळ साहेबाकडे होतं, पण तू मनात मोजायचास. आपले बाबा खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. तूही तसंच. लाभ, दोन, तीन, चार. तीनशेपर्यंत गेलास की टोपी लावायची. साहेबाने विचारलं, हा कुठला आकडा, आणि पुढे तोही लाभ म्हणायला लागला. एवढी सगळी आरास करून फोटोत सोनं मात्र काळं यायचं. पिवळं काचेला दिसतच नाही, असं तू म्हणायचास. दोरीवर वाळत घातलेलं एखादं फाटकं पांढरं धोतर त्या सोन्यापेक्षा उजळ येईल.

तेव्हा मला प्रश्न पडायला हवा होता, की राजाच्या महालात दोरीवर कपडे कुणाचे वाळत होते. नाही पडला.

पुढे कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून निर्वासित आले. लढाईला जाताना जहाजावर चढण्याआधी तू महिनाभर ज्या बरॅकीत झोपला होतास, त्याच बरॅकी त्यांना राहायला दिल्या. तू एकदा बघायला म्हणून गेलास, संध्याकाळी आलास तो जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी म्हणालास, कॅम्पात दुकान टाकतो. साहेबाने निघताना दिलेला जुना कॅमेरा आणि महालांच्या थोड्या काचा होत्याच. चुलता म्हणाला, ज्यांच्याकडे अंथरायला गोणपाट नाही ते फोटो कशाला काढतील? पण ते आले. सगळं हरवलेल्या माणसाला आपण अजून आहोत हे कागदावर बघायचं असतं, हे तुला कसं कळलं कोण जाणे. कॅम्प चारमध्ये बरॅकीच्या टोकाची ती खोली, उत्तरेची खिडकी, आणि खिडकीशी उतरत्या फळीचं माझं डेस्क. तू मला काचेवरचे डाग आणि सुरकुत्या झाकायची पेन्सिल हातात दिलीस. काचेवर, म्हणजे निगेटिव्हवर, सगळं उलटं असतं, काळं ते पारदर्शक आणि पांढरं ते काळं, हे डोक्यात शिरायला मला पंधरवडा लागला. पण एकदा शिरल्यावर मात्र दादा, मी कुणाला ऐकले नाही. कॅम्प चारमधल्या कितीतरी बायकांची वयं मी त्या टोकदार पेन्सिलीने उतरवली आहेत. त्या मला बाजारात आधी नमस्कार करतात.

महालांचे फोटो तू भिंतीवर लावलेस. गिऱ्हाईक तुझ्याकडे बघायच्या आधी त्या भिंतीकडे बघायचं. एक म्हातारे गृहस्थ रोज येऊन उभे राहायचे, त्यांची सिंधमध्ये शिकारपूरला मोठी हवेली होती म्हणे. एक दिवस ते म्हणाले, हमको इसमें खड़ा करो. मला तिथेच कल्पना सुचली. कल्याणला नाटकाचे पडदे रंगवणारा एक पेंटर होता. त्याच्याकडून आपण महालाचा पडदा रंगवून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला त्याच्यापुढे उभं करायचं. तू हो म्हणालास. पेंटरला समोर ठेवायला मोठा, स्वच्छ फोटो हवा होता. तू बदलापूरला लग्नाच्या फोटोंसाठी दोन दिवस गेला होतास, म्हणून मी तुझ्या पेटीतून सगळ्यात भरगच्च दालनाची काच काढली.

त्या काचेत खांबाजवळ, खाली कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी एक सावली होती. छापून पाहिलं तर काळपट, धुरकट, मागचा संगमरवर तिच्यातून अर्धामुर्धा दिसतोय. तिला लागून एक पांढरा ठिपका. मला वाटलं काच धुताना बिघडली. आपल्या धंद्यात डाग दिसला की हात शिवशिवतो, तू बोलावून विचारलंस तरी मी हेच सांगेन. एक अख्खा दिवस मी त्या पेराएवढ्या जागेवर बसले. पेन्सिल धरावी म्हणून वॉर्निशचा हात दिला, पेन्सिल लावली, संगमरवराच्या रेषा एकेक करून पुऱ्या केल्या. पांढरा ठिपका पेन्सिलीने जाईना, तो सुरीच्या टोकाने खरवडून काढला. माझ्या हातून इतकं सफाईदार काम त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

तू आलास, काच उजेडात धरलीस आणि बराच वेळ धरून राहिलास. मला वाटलं कौतुक करतोयस. केलंसही. म्हणालास, हात बसला तुझा. मग काच खाली ठेवून त्या कोपऱ्यावर बोट ठेवलंस.

"इथं काय होतं, बघितलंस?"

"डाग होता."

"डाग नाय, बाय. मानूस होता."

आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "माणूस असता तर नीट उभा राहिला असता."

तू काच उचलून ठेवलीस. पडदा झाला, फार देखणा झाला. आपलं दुकान त्या पडद्याने नावारूपाला आणलं. कॅम्प चार, कॅम्प पाच, पार शहाडहून लोक आले आणि महालात उभे राहून गेले. नवरा-नवरी, नवीन चष्मा लागलेले मास्तर, पहिल्या पगाराचा बुशशर्ट घातलेले कारखान्यातले कामगार. फक्त ती काच पुन्हा कधी पेटीत दिसली नाही. मी विचारलं, तू म्हणालास, हाय. कुठे ते सांगितलं नाहीस. मीही आपला हेका सोडला नाही. मनात म्हणायचे, मी काय चुकीचं केलं? पेन्सिलच तर आहे, टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की निघेल, एवढं जिवाला लागलं असेल तर ह्याने पुसावं की. तू पुसलं नाहीस आणि मी तुझ्यापुढे बोळा धरला नाही. तिथे आपलं भांडण अडलं ते अडलंच.

आणि त्याच सुमाराला तू ते बरॅकींच्या आतले फोटो सुरू केलेस. कुणाला अजमेरला भावाला दाखवायचं असे, की आम्हाला छप्पर मिळालं. कुणाला मुलगी द्यायची असे. तू स्टँड खांद्यावर टाकून जायचास आणि आठ बाय दहाच्या खोलीसाठी तोच सगळा सोहळा करायचास, तीच पांढरी चादर, तीच टोपी, तेच लाभ, दोन, तीन. मी चिडवायचे, की बरॅकीचा बरोक केलास. पण त्या काचा माझ्या डेस्कावर आल्या की मला राग यायचा. कडेला शेजारणीचा पाय. मध्येच कुणीतरी उठून गेल्याचा फराटा. गोणपाटाच्या पडद्यामागून डोकावणारं अर्धं तोंड. मी म्हणायचे, जरा त्यांना बाजूला व्हा म्हणायला तुझी जीभ झडते का? तू म्हणायचास, त्यांचंच घर हाय, कुठं जातील? आणि वर बजावायचास, की त्या काचांना पेन्सिल लावायची नाही. मी तो तुझा विक्षिप्तपणा समजत राहिले.

शेवटच्या पावसाळ्यानंतर तुझा हात थरथरू लागला आणि टोपी काढायचं काम माझ्याकडे आलं. दिवाळीनंतर एक दिवस, दुपारी, अंथरुणातून उठून बसलास आणि म्हणालास, बाय, ती काच. तेवढ्यात खोकला आला. मी पाठ चोळली आणि म्हटलं, नंतर बोल. खरं सांगू? मी घाबरले. तू आता मला दोष देशील आणि आजारी माणसाशी भांडता येणार नाही, असं वाटलं. तू पुन्हा विषय काढला नाहीस. ते 'नंतर बोल' मला आता रोज ऐकू येतं.

पंधराव्या दिवशी मी स्टुडिओ उघडला, नुसता झाडायला म्हणून. तर हेमीबाई दारात उभी. तुला ती चांगली ठाऊक, पण मी तिला पापडवाली म्हणूनच ओळखायचे. कॅम्प चारच्याच बरॅकीत राहते, तिचा खोलीचा फोटो तू तीन वर्षांपूर्वी काढलास. खाटेवर पापड, कोपऱ्यात पितळेची परात, आणि मध्ये ही, विटेसारखी ताठ. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ती बाई नव्हे. आत आली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ म्हणाली, "बेटी, वो बुढ़ी किधर है? तेरे भाई ने बोला था, दिखाऊँगा."

मला कळेना कोण बुढ़ी. मग ती स्टुलावर बसली आणि जे तू मला आयुष्यात सांगितलं नाहीस ते तिने सांगितलं. दादा, पहिल्यांदा मला तुझा रागच आला. घरात सख्खी बहीण असताना तू हे एका पापडवालीला सांगितलंस. मग आठवलं की सख्ख्या बहिणीने काय उत्तर दिलं होतं.

तिची खोली काढायला तू गेलास तेव्हा ती आपणहून बाहेर निघाली होती, फोटो चांगला यावा म्हणून. तू तिला बसवलंस आणि सांगितलंस. त्या महालात माणसं राहत होती. बॉम्बने घरं पडलेली आसपासची कुटुंबं, सोन्याच्या खांबांना दोऱ्या बांधून, चुली मांडून, एकेका कोपऱ्यात एकेक घर. साहेबाला महाल रिकामा हवा होता, म्हणून सगळ्यांना तेवढ्यापुरतं बाहेर काढायचं काम तुझं. तिथल्या भाषेत 'बाहेर' एवढा एकच शब्द तुला येत होता. 'मग परत या' हे तुला येत नव्हतं. सगळे समजून गेले, पण काळ्या कपड्यांतली एक म्हातारी समजली नाही. तिला वाटलं, ही जागाही गेली. ती रडत रडत गाठोडं बांधायला लागली आणि तू तिला दंडाला धरून बाहेर नेऊन उभं केलंस. मग टोपी काढून मोजायला लागलास. साहेब दुसऱ्या दालनात होता. शंभराच्या आसपास गेला असशील, ती आतल्या दाराने परत आली. हातात पत्र्याचा डबा. कोपऱ्यात जाऊन एका हाताने खांब धरला आणि उभी राहिली, तिची जागा दुसरं कुणी घेऊ नये म्हणून.

"तेरा भाई बोला, टोपी लगानी थी, मैंने नहीं लगाई. गिनता रहा," हेमीबाई म्हणाली. साहेबाने ती काच बिघडली म्हणून बाजूला टाकली आणि रिकाम्या महालाची दुसरी काढली. टाकलेली तू ट्रंकेत घालून मोरिवलीला आणलीस.

हेमीबाईला मी खरं सांगू शकले नाही. शोधते म्हटलं. ती गेल्यावर दार लावून घरी आले आणि ट्रंक उपसली. मोजा हाताला लागला तेव्हाच आत काय आहे ते कळलं. काच खिडकीशी धरली. माझं काम जसंच्या तसं होतं, सात वर्षांत एक रेष हलली नव्हती. फक्त खाली, तिचं पाऊल जिथे असायला हवं तिथे, भाताच्या दाण्याएवढी जागा कुणीतरी पुसली होती. तू सुरुवात केली होतीस, दादा. आणि तिथेच थांबलास. तुझा हात थरथरला म्हणून, की तो माझ्या हातचा सगळ्यात चांगला नमुना होता म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही. दुसरं कारण असेल असं मी धरून चालले आहे. माझा स्वभाव तसाच आहे आणि तुझाही तसाच होता.

आज सकाळी डेस्कावर बसले. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळला. भीती एवढीच होती, की इतक्या वर्षांत वॉर्निश काचेवरच्या मुलाम्याशी एकजीव झालं असेल आणि पेन्सिलीबरोबर तोही सुटून येईल. मग ती कायमची गेली असती, माझ्याच हाताने दुसऱ्यांदा. तू पुसलेल्या दाण्यापासूनच सुरू केलं. बोळा काळा झाला. दुसरा घेतला. तिसऱ्या बोळ्याला पाऊल आलं, मग काळ्या झग्याचा घेर. मी हळूहळू वर सरकत होते आणि तोंडाने, मला कळलंही नाही कधीपासून, लाभ, दोन, तीन चाललं होतं. दादा, ती आली. खांबावरच्या हातासकट सगळी आली. लाल दिव्यात कागद पाण्यात हलवताना ती वर येताना दिसली आणि मी रडले, तुझ्यासाठी तेरा दिवसांत रडले नव्हते तेवढी. इतकी ती स्पष्ट उभी होती. मागचा संगमरवर तिच्यातून दिसतो म्हणून काय झालं?

डबा मात्र आला नाही. तो मी सुरीने खरवडला होता आणि सुरीचं काम परत येत नाही. तिचा दुसरा हात पोटाशी रिकामाच धरलेला आहे, जिथे डबा होता तिथे एक काळा ओरखडा.

फोटो ओला होता तसाच कागदात घालून मी हेमीबाईकडे गेले. तिने आधी पापड-पाणी पुढे केलं, त्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही. मग चष्मा लावून फोटो दाराच्या उजेडात धरला. छताकडे, सोन्याकडे, आरशांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. सरळ कोपऱ्यात गेली. मी सगळं सांगून टाकलं, की मीच हिला पुसली होती, डाग म्हणाले होते, आणि आता हातातला डबा काही मला परत आणता आला नाही.

"डब्बे तो हमारे भी उधर रह गए," ती म्हणाली. "खड़ी तो है ना."

मग तिने तू काढलेल्या, तिच्या खोलीच्या त्या फोटोशेजारी भिंतीवर जागा दाखवली आणि मला म्हणाली, की तीन वर्षांत खोली बदलली आहे. आता भिंत फोडून खिडकी केली आहे, कपाट आलं आहे. तिला नवा फोटो हवा होता. आधीचा अजमेरला भावाने बघितला, आता त्याला पुढचं बघू दे. मी म्हटलं, दादा तर नाही. ती म्हणाली, तू तो है.

चुलत्याला काय सांगायचं ते नंतर बघू. मी स्टुडिओत परत गेले, स्टँड खांद्यावर घेतला, कॅमेरा उचलला. जड आहे रे फार. तू कधी बोलला नाहीस. बरॅकीतल्या बायका बघत होत्या आणि मी उगीच छाती पुढे काढून चालले. खिडकीच्या बाजूला चादर बांधली. काळ्या फडक्याखाली डोकं घातलं तर हेमीबाई उलटी दिसत होती, खाटेवर, मांडीवर हात ठेवून. बाहेर आले आणि बघते तर ती सवयीने उठून दाराकडे निघालेली, खोली नीट दिसावी म्हणून.

"बैठो," मी म्हटलं. "तुम्हारा घर है."

टोपी काढली. लाभ. दोन. तीन. टोपी काढल्यावर हाताचं काम नसतं, हे तू मला शिकवलंस. चाळीसच्या पुढे गेले असेन, गोणपाट बाजूला सारून पलीकडची शेजारीण आत आली. तिला कॅमेऱ्याचं काही माहीत नव्हतं. ती आपली वाळलेले पापड न्यायला आली होती. हातात पत्र्याचा डबा, नवा, खिडकीच्या उजेडात चमचम करणारा. खाटेशी वाकली, पापड एकेक करून डब्यात रचू लागली. हेमीबाईने डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं.

काचेवर शेजारणीचा धुरकट फराटा येणार, दादा, आणि डबा मात्र लख्ख येणार. टोपी माझ्या हातात होती. मी ती लावली नाही. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. मी मोजत राहिले.